काठोकाठ

थोरलीच्या चहाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. रफूच्या त्या एवढ्याशा दुकानात फाटका कोट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाही ती आधी बसवायची, हातात कप द्यायची, मग भोक कुठंय ते विचारायची. आणि कप कसा, तर काठोकाठ! अर्धा कप पुढे करणं म्हणजे पाहुण्याला दार दाखवणं, असं तिचं मत. पहिला कप मात्र धाकट्या जावेचा. सव्वीस वर्षं, रोज अकराला, एकाच टेबलाशी.

त्या सोमवारी धाकटीच्या हातून चहा गिऱ्हाइकाच्या कोटावर सांडला. "लक्ष कुठंय तुझं?" थोरली सगळ्यांदेखत खेकसली. झालं गेलं, ती विसरूनही गेली. पण मंगळवारी धाकटी म्हणाली, "मला नको हो ताई चहा." बुधवारीही नको. गुरुवारी अकराच्या ठोक्याला "आलेच" म्हणून उठली आणि सरळ समोरच्या इस्त्रीवालीकडे गेली. परतली ती ओठ पुसत.

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"काय घालते गं ती चहात?"

"काही नाही हो. साधाच असतो."

साधाच! म्हणजे साधा चहा प्यायला बाईसाहेब रस्ता ओलांडून जाणार, आणि इथला जन्माचा चहा गेला खड्ड्यात! थोरलीनं पत्ती बदलली, दूध वाढवलं, आलं दुप्पट ठेचलं. धाकटी ढिम्म. त्या इस्त्रीवालीच्या चहाला जळक्या कापडाचा वास येत असणार, हे थोरलीनं न पिताच ठरवून टाकलं. त्यात गेला महिनाभर धाकटीचं एकच पालुपद, "बारीक रफू तुम्हीच करा ताई, माझा चष्मा बदलायचाय." हिचं मनच उडालंय, थोरलीला वाटलं. दुकानावरून आणि माझ्यावरून.

आठवड्यानं तिला राहवेना. चांगलं रंगेहाथ पकडावं म्हणून ती मागोमाग गेली आणि दारातच थबकली.

इस्त्रीवालीनं कप अर्धाच भरला होता. धाकटीनं तो दोन्ही हातांनी धरला, तरी हात लटलट कापत होते. इस्त्रीवालीनं कपाला खालून हात लावला. धाकटी मान वाकवून प्यायली.

थोरली आल्या पावली माघारी फिरली. रडू आलं, पण खरं सांगायचं तर आधी आला तो रागच. हे त्या बाईला दिसलं? मी हातभर अंतरावर बसते, आणि मला नाही?

दुसऱ्या दिवशी अकराला टेबलावर दोन कप होते. दोन्ही अर्धे. धाकटीनं कपांकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"कळलं ना तुम्हाला? आता रफू जमणार नाही मला, ताई. मी घरीच बसते."

"घरी बसून काय करणार आहेस? गिऱ्हाईक तू बघ, सुई मी बघते. बस."

थोरलीनं तिच्या कपाखाली हात धरला. एक थेंब सांडला नाही.

"तुम्ही पण अर्धाच घेतलात?"

"हो. संपला की अजून मागायचा." थोरलीनं समोरच्या इस्त्रीच्या दुकानाकडे एक जळजळीत नजर टाकली. "तिच्याकडे एकदाच मागत होतीस ना? माझ्याकडे दोनदा मागायचा."