गुडघ्यापाशी नवा पत्रा

आत्याचा भाचा कामाला वाघ. पण वाघाला कुणाला विचारून काम करताना कधी पाहिलंय? लाकडाच्या वखारीत वर्षानुवर्षं ओंडके ओढून थकलेली युद्धातली एक कॅरियर त्याने उचलून आपल्या वर्कशॉपमध्ये आणली, तीही न विचारता. उघड्या डब्यासारखी लोखंडी गाडी, चाकांवर साखळीचे पट्टे. आत्याचा थोरला भाऊ, तिचा दादा, अशाच गाडीचा चालक होता. तो परत आला नाही, त्याची साधी टोपीसुद्धा आली नाही. त्याची तुकडी शेवटची दिसली ती त्या वखारीच्याच भागात.

"आत्या, ही थोरल्या काकांचीच," भाच्याने जाहीर करून टाकलं.

आत्या सहज पटणारी बाई नव्हे. दुकानदाराने तोललेलं सामान ती घरी पुन्हा तोलते. तिने पारख्याला बोलावणं धाडलं.

पारखी म्हणजे जुन्या लष्करी गाड्या ओळखणारा गृहस्थ. माणसांची नावं विसरेल, बोल्ट विसरणार नाही. तो आत शिरला, गाडी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. भाच्याने दिलेला हिरवा रंग इतका चकचकीत होता, की तो पडलेला चेहरा त्यात स्पष्ट दिसला.

"भोकं कुठायत?"

"बुजवली!" भाचा छाती फुगवून म्हणाला. "नुसती चाळण झाली होती हो. वेल्डिंगने भरली, घासली, वर रंगाचे हात मारले."

"शाबास. साक्षीदारांची तोंडं शिवलीत."

मग त्याने आत्याला समजावलं. बाहेरून या गाड्या जुळ्या बहिणी. कुठली मशीनगनची, कुठली वायरलेसची, कुठली उखळी तोफ वाहणारी, हे ठरतं आत काय जडवलं होतं त्यावरून. जडवलेलं तर लोक केव्हाच उपटून नेतात, मागे भोकं राहतात. "भाडेकरू गेला तरी कुठं काय टांगलं होतं ते खिळ्यांच्या खुणा सांगतात ना, तसं."

"दादाची उखळीवाली," आत्या म्हणाली.

पारखी गाडीखाली सरकला. मागच्या फळीच्या खालच्या बाजूला तेवढा भाच्याचा ब्रश पोचला नव्हता. तिथं टॉर्च मारून तो बराच वेळ बोटांनी चाचपत राहिला.

"उखळीचीच," खालून आवाज आला. "तिचा जड तळ बांधायचे कान इथं होते. कापलेत, पण बुडखे आहेत."

"बघ! मी काय म्हणत होतो?" भाच्याने टाळी वाजवली.

"थांब रे. उखळीवाल्या ढिगानं असतील." आत्या गाडीखालून डोकावणाऱ्या डोक्याशी बोलू लागली. "चालकाच्या डाव्या गुडघ्यापाशी बघा. तिथं पाण्याच्या डब्याची पकड असायची. दादाच्या तंगड्या लांब, गुडघा सारखा आपटायचा. त्याने स्वतःच चार बोटं वर नवी भोकं पाडून ती पकड हलवली आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. शेवटच्या रजेत हसत हसत सांगत होता. वर दोन, खाली दोन भोकं असतील. ती असली तर ही त्याची. नाहीतर नाही."

भाचा फडक्याची घडी घालू लागला. घातलेली मोडून पुन्हा घातली.

"तिथला आतला पत्रा कुजला होता," शेवटी तो म्हणाला. "कापून नवा टाकला. तू बसशील, तर साडीला गंज लागू नये म्हणून."

"जुना?"

"भंगारात दिला. एव्हाना वितळला असेल." मग एकदम रडकुंडीला येऊन, "अगं, आधी सांगायचंस ना मला!"

"सांगितलं असतं, तर गाडी कुणाचीही असो, भोकं सापडलीच असती. मी तुला ओळखत नाही का? माझं मांजर हरवलं तेव्हा तसलंच दुसरं उचलून आणलं होतंस. 'शेपूट बघ, तेच आहे' म्हणालास."

पारखी गाडीखालून बाहेर आला. हिशेब आत्याचा बरोबर, भाच्याचाही बरोबर. ताळा मात्र जुळत नव्हता.

"मला आत बसवा," ती म्हणाली.

दोघांनी धरून तिला चालकाच्या जागी बसवलं. डाव्या गुडघ्याशेजारच्या पत्र्यावरून तिने तळवा फिरवला. काचेसारखा गुळगुळीत.

"नीट आठव. कापताना काय दिसलं होतं?"

भाच्याने डोळे मिटून घेतले. "भोकं होती. वर दोन, खाली दोन. हो आत्या, होती."

आत्याने पारख्याकडे पाहिलं. पारखी स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"मध्ये अंतर किती होतं रे?"

"चार बोटं!" उत्तर लगेच आलं.

आत्याने हात काढून मांडीवर ठेवला.

"आत्या, आईशप्पथ. या वेळी खरं सांगतोय गं."

"असशील," ती म्हणाली. "सांगत असशील रे. पण मी काय करू?"

उतरायचं नाव मात्र तिने काढलं नाही.