छेद म्हणजे भोक

जमनीने फळ्यावर छत्तीस लिहिलं, खाली आडवी रेघ ओढून अठ्ठेचाळीस लिहिलं, आणि तिथेच तिचा खडू अडला.

"द्या आता संक्षिप्त रूप," विमलताई म्हणाल्या. बालवाडी सेविकांची परीक्षा घ्यायला त्या यवतमाळहून आर्णीच्या शाळेत आल्या होत्या.

जमनीच्या तांड्याला बालवाडी मंजूर होती, पण सेविका तांड्यातलीच हवी अशी अट होती. चौथीचं गणित कळणारी तांड्यात ही एकटीच, आणि गेल्या वर्षी तिचंही घोडं इथेच अडलं होतं. यंदा नापास झाली तर बालवाडी दुसऱ्या गावी जाणार होती.

"छेद म्हणजे काय, ते तरी माहीत आहे?"

"भोक," जमनी म्हणाली.

सतरंजीवर बसलेल्या, परीक्षेलाच आलेल्या बाकीच्या बाया खिदळल्या. दारात उभ्या नागोराव गुरुजींनी कपाळाला हात लावला. तांड्यावरचा प्रौढांचा वर्ग ते चालवीत. छेद म्हणजे रेघेखालचा आकडा, हे त्यांनी तिला वर्षभर घोकवलं होतं. पण जमनीच्या घरी पोळ्यासाठी बैलांचे पट्टे शिवत. जाड पट्ट्याला टोच्याने भोकं पाडायची, म्हणजेच छेद पाडायचे, आणि त्यावर कवड्या शिवायच्या. आकडे लहान करा म्हटलं की ती विचारायची, "कवड्या कायले कमी करू गुरुजी? पट्टा बैलाले पुरन का?"

बायांचं हसू थांबेना. जमनीला राग आला, आणि त्या रागातच तिने फळ्यावर भोकं काढायला घेतली. तीन भरली, चौथं रिकामं सोडलं. पुन्हा तीन भरली, चौथं रिकामं.

"हे काय?"

"अठ्ठेचाळीस छेदांचा पट्टा, बाई. छत्तीसावर कवड्या. बाकीच्यात लाल गोंडे."

तिसऱ्यांदा तीन भोकं भरता भरता तिचा हात थबकला. सासू, सुखीबाई, नवा पट्टा सुरू करून देताना कधी पूर्ण पट्टा मोजून दाखवत नसे; पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा, म्हणजे एक 'घर', तेवढंच दाखवी. "एक घर ध्यानात ठेव," म्हणे, "पट्टा आपसूक होते."

जमनीने पदराने बाकीची भोकं पुसली. पहिली चार तेवढी ठेवली, आणि शेजारी ठसठशीत लिहिलं : तीन, रेघ, चार.

"मग पट्टा आखूड झाला की," विमलताईंनी मुद्दाम डिवचलं.

"नाई बाई. पट्टा तेवढाच हाय. सांगनं लहान झालं."

विमलताईंनी चष्मा सारखा केला.

"साठात चाळीस?"

"दोन कवड्या, एक गोंडा." तिने खडू उचललाही नाही. "तीन छेदांत दोन."

"पंचेचाळीसात सत्तावीस?"

जमनीची बोटं क्षणभर हवेत शिवत राहिली. "पाचात तीन."

विमलताईंनी यादीत तिच्या नावापुढे पास झाल्याची खूण केली आणि दाराकडे पाहिलं. "गुरुजी, फार छान शिकवलंत."

"मी कुठं, बाई," नागोराव ओशाळून म्हणाले. "मी तर वर्षभर तिले हेच विसर म्हणून राह्यलो होतो."

जमनीला एवढा आनंद झाला की सतरंजीवरच्या बायांना हसून रामराम करतच ती बाहेर पडली.

सोमवारी वर्गात नागोरावांनी फळ्यावर आडवी रेघ ओढली. नेहमीप्रमाणे अंश आणि छेद लिहायला हात उचलला, जरा थांबले, मग रेघेच्या वर लिहिलं 'कवड्या', आणि खाली, सावकाश, 'भोकं'.