रिकाम्या गाडीचे ब्रेक

जावयाने सकाळी उठल्याउठल्या गाडी भरायला घेतली आणि ब्रेकमास्तर दाढी उरकून बाहेर येईपर्यंत तो भरून मोकळाही झाला. डिकी गच्च होती. मागच्या सीटवर गाद्यांची वळकटी, तिच्यावर कपड्यांची गाठोडी आणि सगळ्यांच्या वर चादरीत गुंडाळलेलं शिवणाचं मशीन. मशीनचं लाकडी टेबल घरातच राहणार होतं. लेक नेत होती ते नुसतं वरचं लोखंडी डोकं. ते बरोबर पुढच्या डाव्या सीटच्या मागे बसवलं होतं. त्या सीटवर लेक बसणार होती.

मास्तरांचा पाय पायरीवरच थांबला.

जावई रुमालाने मान पुसत म्हणाला, बघा बाबा, बोट शिरायला जागा ठेवली नाही. त्याची बदली झाली होती. नवं गाव सहा तासांवर, मध्ये घाट. लेकीने आईची एकच वस्तू मागितली होती, ती म्हणजे हे मशीन. मास्तरांनी हो म्हटलं होतं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण त्यांनी वर्षभर कुणालाच दिलं नव्हतं.

मास्तरांचं सगळं आयुष्य ब्रेकमध्ये गेलं. चौतीस वर्षं एकाच गॅरेजात त्यांनी ड्रम उघडले, लायनर बदलले, ऑइल भरलं. इंजिनाला दुसरे हात लागायचे, ब्रेकला फक्त त्यांचे. म्हणून नावच ब्रेकमास्तर पडलं. गॅरेजच्या मागे एक लांब सरळ गल्ली होती आणि तिथे चुन्याची एक रेघ मारलेली असायची. काम झालं की मास्तर गाडी चाळीसच्या वेगाने आणायचे, रेघेवर पेडल दाबायचे, मग खाली उतरून रेघेपासून चाकापर्यंत पावलं मोजायचे. मनासारखी पावलं भरली नाहीत तर गाडी पुन्हा जॅकवर चढायची, मग मालक दारात कितीही हातघाईवर येवो.

या परीक्षेआधी ते गाडी रिकामी करायचे. बाटल्या, छत्र्या, चपला, खेळणी, सगळं एका पोत्यात भरून खुंटीला टांगायचं. एखादी बाटली गडगडत पेडलखाली गेली तर काय होतं ते त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं. गॅरेजातले म्हणायचे, मास्तरकडे गाडी दिली की ब्रेकही लागतात आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेली छत्रीही सापडते. रीत चांगलीच होती. पण तिच्यामुळे एक झालं. चौतीस वर्षांत मास्तरांनी भरलेली गाडी करकचून थांबवून कधी पाहिलीच नाही. गाडी थांबते एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आतलं सामान थांबत नाही, हे इतर कुणाला सांगायची वेळ आली असती तर त्यांनी सांगितलंही असतं. स्वतःच्या गाडीत मात्र ते कधी मनाला शिवलं नाही.

बायको त्यांना म्हणायची, "गाडी जागच्या जागी थांबवता, पण बोलायला लागलात की तुमचे ब्रेक काही लागत नाहीत." गंमत अशी की, ती गेल्यापासून ते बोलायचेच थांबले होते.

वर्षापूर्वी ते तिला धाकट्या मेव्हणीकडे सोडायला निघाले होते. मेव्हणीकडे शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं होतं आणि ती म्हणाली होती, ताई, तू आणि तुझं मशीन दोघी या. वाटेत एका वळणानंतर पाइपांनी भरलेला ट्रक अचानक थांबला. मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी ट्रकच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. कुठे ओरखडा नाही. ट्रकवाला उतरून आला आणि आत काय झालंय ते दिसायच्या आधी म्हणाला, वा, काय ब्रेक आहेत तुमचे.

पुढे भेटायला आलेल्या माणसांनीही तेच म्हटलं. मास्तरांचे ब्रेक होते म्हणून निदान मास्तर तरी वाचले. मागची लोखंडी पेटी तेवढी तिच्या अंगावर आली, दैव, दुसरं काय.

पेटी हे मास्तरांनीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तोंडातून निघालं आणि मग तेच राहिलं. एक पेटी त्या दिवशी गाडीत होती खरी. ती त्यांनी नंतर भंगारात देऊन टाकली. मशीन मात्र त्यांनी स्वतः पुसलं, वाकलेली सुई बदलली, तेल दिलं आणि झाकून ठेवलं. मशीन म्हटलं असतं तर लेकीने पुढचा प्रश्न विचारलाच असता.

आता ते पायरी उतरून गाडीपाशी गेले आणि म्हणाले की मशीन तिथून काढा, खाली ठेवा.

जावई हसला. माणूस सरळ होता, पण घाईचा. तो म्हणाला, बाबा, पेट्यांचं माझ्या लक्षात आहे, तिन्ही पेट्या खाली डिकीत घातल्यात, वर सगळं मऊच ठेवलंय. शिवाय काल तुम्हीच ब्रेक पाहिलेत आणि म्हणालात, नुसता अंगठा टेकवला तरी थांबेल. मास्तर म्हणाले, ब्रेक चांगले आहेत म्हणूनच म्हणतोय. हे जावयाच्या डोक्यात शिरलं नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं. तो म्हणाला की आता सगळं उपसायचं म्हणजे दुपार होईल, आणि घाटात दुपारी गाड्यांची रांग लागते. तुमचं म्हणजे दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पिणं झालं.

लेक पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. तिने बापाचं म्हणणं ऐकलं आणि मान हलवली. डिकीत मशीन आदळत जाईल, म्हणाली. आईने त्याला कधी धक्का लागू दिला नाही. म्हणून तर मी ते गादीवर ठेवायला लावलं. तिथेच राहू दे.

मास्तर त्या चादरीकडे बघत राहिले. बायकोचीच चादर होती, निळ्या काठाची. पेटी सांगितली म्हणून यांनी पेट्या जपून खाली ठेवल्या होत्या, आणि मशीन जीव लावून वर. अर्धी गाडी त्यांच्या खोट्यावर भरली होती.

जावयाने चावी काढली. मास्तरांनी पुढे होऊन डावीकडचं दार धरलं आणि लेकीला म्हणाले, "बसू नकोस."

"बाबा, आता उशीर होईल."

"पेटी नव्हती ती."

लेकीला कळलं नाही. मास्तरांनी मागच्या काचेवर बोट टेकवलं.

"तुझ्या आईला लागलं ते हे. पेटी नाही. हे असंच वर होतं, गादीवर. गाडी थांबली आणि हे थांबलं नाही."

रस्त्यावरून एक सायकलवाला गेला. जावयाने चावी खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. लेक मशीनकडे बघत होती. मग तिने तोच प्रश्न विचारला, जो टाळायला मास्तरांनी वर्ष घालवलं होतं.

"आई मशीन बांधल्याशिवाय या खोलीतून त्या खोलीत नेत नव्हती. त्या दिवशी का नाही बांधलं?"

"ती म्हणाली होती, बांधू का. पट्टे आत राहिले होते, शोधायला वेळ गेला असता. मी म्हटलं, माझे ब्रेक आहेत, राहू दे."

"एकदाच विचारलं?"

मास्तरांना वाटलं, एकदा म्हणावं. कुणाला कळणार होतं?

"दोनदा," ते म्हणाले.

लेकीने हातातली बाटली पायरीवर ठेवली आणि ती आत निघून गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. जावई चाकापाशी उकिडवा बसला. मास्तर तसेच उभे. आतून रडण्याचा आवाज येईल असं त्यांना वाटत होतं. तोही आला नाही. त्यांना पेडलवरचा आपला पाय आठवला. दोनदा विचारलं तेव्हा बायकोचा आवाज सारखाच होता. दुसऱ्यांदा चढला नव्हता. चढला असता तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं.

बऱ्याच वेळाने लेक बाहेर आली. डोळे लाल होते. हातात आईचे पट्टे होते, रुंद, जाड कापडाचे, टोकाला लोखंडी कडी लावलेले. मशीन बांधायला आईने स्वतः शिवलेले. ती बापाकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "उतरवा सगळं."

मग तिघांनी गाडी रिकामी केली. मास्तर सांगत गेले आणि ते दोघं करत गेले. मशीन डिकीच्या तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटून. मध्ये जागा राहिली तर वस्तू तेवढीच धाव घेऊन येते. त्याच्या दोन्ही बाजूंना पेट्या. पट्टे डिकीतल्या कड्यांमधून ओढून घेतले, आणि मास्तरांनी गुडघा टेकवून ते करकचून आवळले. सीटवर फक्त गाद्या आणि कपडे, तेही सीटच्या पाठीच्या उंचीपर्यंतच, म्हणजे आरशातून मागचा रस्ता दिसेल. टपावर काही नाही. दोन गाठोडी आणि एक टेबलफॅन राहिले. मास्तर म्हणाले, हे मी नंतर पाठवतो, गाडीला पोट असतं, तिलाही अजीर्ण होतं. जावई हसणार होता, पण बायकोचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

कोपऱ्यावर जाऊन त्यांनी चाकांत भरलेल्या गाडीला लागते तेवढी जास्त हवा भरली. मास्तरांनी जावयाला सांगितलं की आज गाडी जड आहे, कालच्या ठिकाणी थांबणार नाही. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. घाट उतरताना खालच्या गिअरात उतरा, पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. ब्रेक तापले, जळका वास आला, की समजायचं ते आता फक्त नावाला आहेत. तेव्हा बाजूला घ्या आणि निवू द्या. या वेळी जावई घड्याळाकडे न बघता ऐकत होता.

शेवटी मास्तर म्हणाले, परीक्षा घेऊ. घरापुढचा रस्ता मोकळा होता. लेकीला त्यांनी फाटकातच थांबायला सांगितलं आणि स्वतः डावीकडच्या सीटवर बसले. वर्षभरात ते कुठल्याच भरलेल्या गाडीत बसले नव्हते. पट्टा लावताना कडी दोनदा हुकली. जावयाने गाडी चाळीसवर नेली. मास्तर समोर बघत म्हणाले, "दाबा."

गाडी थांबली. मागून काहीतरी सरपटत आलं आणि मास्तरांच्या टाचेवर आदळलं. क्षणभर दोघांनीही मागे पाहिलं नाही. मग मास्तरांनी वाकून हात घातला. सीटखाली कोंबलेली इस्त्री होती.

इस्त्री गाद्यांच्या वळकटीत घालून तीही बांधली. पुन्हा चाळीस. पुन्हा दाबलं. या वेळी नुसता टायरचा आवाज झाला. मास्तर उतरले. सवयीने त्यांनी पावलं मोजली. रिकाम्या गाडीपेक्षा चार जास्त भरली. त्यांनी जावयाला बोलावून ती चार पावलं स्वतः चालायला लावली.

दुपार झालीच होती. जावई खिडकीतून वाकून म्हणाला, "बाबा, पोचलो की फोन करतो. घाटाआधीही करतो." लेक पुढे बसली, पट्टा लावला. निघताना ती बापाशी बोलली नाही. 'येते' सुद्धा म्हणाली नाही. मास्तरांना ते रास्त वाटलं. जे तिला वर्षापूर्वी द्यायचं होतं ते त्यांनी आज दिलं होतं, आणि वर धन्यवाद मागायचा त्यांना काय अधिकार.

गाडी सावकाश निघाली. कोपऱ्यावर, वळणाच्या बऱ्याच आधी, मागचे लाल दिवे लागले. मास्तरांनी मनात म्हटलं, ठीक, लवकर दाबतोय. पण दिवे विझले नाहीत. गाडी कडेला उभी राहिली, डावं दार उघडलं आणि लेक चालत परत आली. फाटकाशी येऊन तिने एक हात गजावर ठेवला.

"पट्टे वाटेत सैल होतात का?"

"नवीन आवळले की होतात थोडे. तासाभराने थांबून एकदा ओढून बघ."

"कसं कळेल सैल झालेत ते?"

"दोन बोटं घाल. सहज गेली तर आवळ."

तिने आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बघेन. येते मी."

मास्तरांनी मान हलवली. ती गाडीपर्यंत गेली, पण लगेच बसली नाही. आधी तिने डिकी उघडली, आत वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.