उताराला पात्र गाडी

मुंबईत थंडी पडत नाही असं म्हणणाऱ्यानं मुलुंड पाहिलेलं नसतं. जानेवारीत पारा जरा खाली घसरला की दादरचा माणूस पंख्याचा वेग एकानं कमी करतो. मुलुंडचा माणूस माकडटोपी चढवतो, तोंडातून वाफ निघते का ते आरशात बघतो, आणि निघाली नाही तरी निघाली असं ऑफिसात सांगतो. नवविहार सोसायटीतल्या मार्तंडराव खांडेपारकरांची गाडी तर अस्सल मुलुंडकर होती. तुळशीच्या लग्नाला तिला जी हुडहुडी भरायची, ती होळी पेटेपर्यंत जात नसे.

गाडी बासष्ट सालची. मार्तंडरावांकडे ती आली तेव्हा तिनं दोन मालक पाहिले होते आणि तिसऱ्याकडून तिच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. सकाळी सेल मारला की ती 'खर्र… खर्र… खुक्' असा आवाज करी आणि गप्प होई. झोपेतून उठवून मत विचारलेल्या म्हाताऱ्यासारखी.

उपाय सगळे करून झाले होते. रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतून झालं. रात्री बॉनेटवर कांबळं घालून झालं. कोणीतरी सांगितलं म्हणून मार्तंडरावांनी आठवडाभर बॅटरी घरात आणून, कॉटखाली ठेवून, वर गोधडी पांघरून झोपवली. बॅटरी छान झोपली. सकाळी उठली मात्र नाही. ॲसिडनं गोधडीला तेवढी सात भोकं पडली आणि पद्मजावहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. उपायाचा झालेला फायदा काय तो तेवढाच, असं मार्तंडराव खासगीत म्हणत.

लागू पडणारं औषध एकच होतं: उतार. नवविहार डोंगराच्या पायथ्याशी असल्यामुळे मागच्या भिंतीपासून फाटकापर्यंत चाळीसेक पावलांचा चांगला उतार होता. मार्तंडराव गाडी वरच्या टोकाला ठेवत. सकाळी दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून, ब्रेक सोडून द्यायचा. चारपाच सभासदांनी मागून हात लावायचा. गाडी गडगडत पंपाच्या खोलीपाशी आली की क्लच सोडायचा. एक गचका, एक ढेकर, काळा धूर, आणि गाडी चालू. सहा वर्षं हे निर्वेध चाललं होतं. कोणी हरकत घेतली नाही, कारण सोसायटीत दुसरी गाडीच नव्हती.

दसऱ्याला ती आली. तिसऱ्या मजल्यावरच्या श्यामसुंदर बिवलकरांनी चार वर्षं वापरलेली, पण दिसायला नवी गाडी घेतली, तिला झेंडूचा हार घातला, आणि हार सुकायच्या आत अर्ज दिला. उतार सोसायटीचा आहे, कोणाच्या तीर्थरूपांचा नाही, आपल्यालाही थंडीचा त्रास होतो, तरी जागा मिळावी.

मार्तंडरावांनी अर्ज दोनदा वाचला. उतार गेला म्हणजे गाडी गेली. पद्मजावहिनींनी तसं बजावलंच होतं, "उभीच ठेवायची असेल तर माझ्या भावाला द्या. त्याच्या बदलापूरच्या शेतावर तो तिच्यात कोंबड्या ठेवीन म्हणतोय." मागच्या सीटवर अंडी घालणारी कोंबडी आता मार्तंडरावांच्या स्वप्नात येऊ लागली होती. ती स्टिअरिंगकडे बघून डोळे मिचकवायची.

अर्जाचा निकाल लावणं अध्यक्ष अंबादास निमकरांकडे होतं. त्यांची चौतीस वर्षं सरकारी नोकरीत, लोकांची गरज खरी की खोटी हे ठरवण्यात गेली होती. अर्ज तीन महिने फायलीत मुरवून, जानेवारीत कमिटीची बैठक भरवून त्यांनी ठराव लिहिला: 'उताराची जागा गरजू गाडीस देण्यात यावी. गरज सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील.' रविवारी सकाळी सात वाजता दोन्ही गाड्या सपाट जागेवर उभ्या करायच्या. प्रत्येकीला तीन संधी. जी चालू होणार नाही, ती पास. उतार तिचा.

मार्तंडराव बैठकीतून शीळ घालत घरी आले. या परीक्षेचा अभ्यास त्यांच्या गाडीनं सहा वर्षं न चुकता केला होता.

"काय झालं हो बैठकीत?" पद्मजावहिनींनी विचारलं.

"काही नाही. रविवारी कमिटी गाडी बघायला येणार आहे. सगळ्यांसमोर सेल मारायचाय."

एवढंच सांगून ते जेवायला बसले. बैठकीतलं अर्धंच घरी सांगायचं ही त्यांची पद्धत होती. उरलेलं अर्धं विचारलं तर सांगायचं, आणि विचारलं म्हणून चिडायचं. त्यामुळे पद्मजावहिनींनी विचारणं केव्हाच सोडलं होतं.

त्यांनी आपला अर्थ आपण लावला. सगळी सोसायटी जमणार. बिवलकरांची गाडी एका झटक्यात चालू होणार. आणि आपले हे टोपी घालून खर्र खर्र करत बसणार, मग चार लोक हसणार. मागच्या वर्षी एका लग्नाला निघताना त्यांनी स्वतः पैठणी खोचून गाडी ढकलली होती आणि बिवलकरबाईंनी गॅलरीतून "सावकाश हो!" म्हटलं होतं. ते 'सावकाश' त्या विसरल्या नव्हत्या.

शनिवारी दुपारी मार्तंडराव वाचनालयात पेपर तोंडावर घेऊन झोपायला गेले आणि पद्मजावहिनींनी दत्तारामला बोलावलं. दत्ताराम परब सोसायटीचा पाण्याचा पंप चालवी. त्याआधी वीस वर्षं परळच्या एका गिरणीत फिटर होता. संप झाला, गिरणी बसली, आणि दत्ताराम पंपाच्या खोलीत आला. नवविहारमधल्या शिकलेल्या मंडळींनी गाडीबद्दल सहा वर्षं एकमेकांना विचारलं होतं. यंत्रातलं कळणारा हा एकच माणूस रोज धक्का मारायला यायचा, म्हणून त्याला कोणी विचारलं नव्हतं.

दत्तारामनं बॉनेट उघडलं आणि जिभेनं च् च् केलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढऱ्या बुरशीचे पापड जमले होते. त्यानं कढत पाणी मागितलं, टोकं खरवडून चकचकीत केली, तारा आवळल्या, वर व्हॅसलीन लावलं. प्लग काढून दाखवले. चुलीतून काढलेल्या वांग्यासारखे काळे. तेही घासले. मग त्यानं डॅशबोर्डवरची चोकची मूठ ओढली आणि ती सहज हातभर बाहेर आली.

"वयनी, ह्यो चोक साहेब ओढतत?"

"रोज. दोन्ही हातांनी."

"ओढूंदेत. व्यायाम होता. वायर फुडे खंयच जोडलेली नाय."

"म्हणजे? सहा वर्षं?"

"थंडीत इंजनाक पेट्रोल जास्ती लागता आणि हवा कमी. सकाळी उठल्यार आपणाक कशी च्या लागता, तशी. ह्या बिचाऱ्याक कोणी च्याच दिल्यान नाय."

त्यानं नवी वायर घातली, कार्ब्युरेटरला घट्ट जोडली. वहिनी पर्स उघडू लागल्या तसा तो मागे सरला. "पैशे नको. गिरण बसल्यापासून बंद पडलेला मशीन चालू करूक गावला नव्हता. च्या करा."

"आणि साहेबांना सांगू नका हं," वहिनी म्हणाल्या. "आपणच चालू केली असं वाटू दे. तेवढंच त्यांना बरं वाटेल."

रविवारी सात वाजता पटांगणात अख्खं नवविहार स्वेटर घालून हजर होतं. वर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पद्मजावहिनी कठडा धरून उभ्या होत्या. मार्तंडराव अतिशय प्रसन्न चेहऱ्यानं खाली आले. आज त्यांनी मुद्दामच बॉनेटवर कांबळं घातलं नव्हतं. गाडीत बसून त्यांनी सवयीनं चोक ओढला. तो जरा घट्ट लागला. गारठ्यानं आखडला असेल, असं म्हणून त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली.

खर्र नाही, खुक् नाही. एकदम धडधड धडधड. मार्तंडरावांनी स्टिअरिंगवरून हात काढून घेतला, जणू चुकून दुसऱ्याच्या गाडीत बसले असावेत. पटांगणात सुतकी शांतता. टाळ्या फक्त दुसऱ्या मजल्यावरून आल्या.

"मार्तंडराव, हे काय?" अंबादासांनी विचारलं.

"मला काय ठाऊक!"

"होतं असं कधीकधी. घाबरू नका, अजून दोन संधी आहेत. बंद करा."

दुसऱ्यांदा तर किल्ली नीट फिरायच्याही आत गाडी लागली. लोक हळहळले. सहा वर्षं यांनीच ती ढकलली होती. तिच्यावर त्यांचा जीव होता, आणि ऐन वेळी कार्टीनं नाक कापलं होतं.

अंबादास खिडकीपाशी वाकले आणि कुजबुजले, "किल्ली अर्धीच फिरवा. मी तोवर डोंगराकडे बघतो." चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढी सवलत त्यांनी कोणालाही दिली नव्हती.

मार्तंडरावांचं बोट किल्लीवर थांबलं. अर्धी फिरवली की उतार राहिला, गाडी राहिली, कोंबड्या बदलापूरलाच राहिल्या. तेवढ्यात पंपाच्या खोलीपाशी त्यांचं लक्ष गेलं. दत्ताराम हाताची घडी घालून अत्यंत निष्पाप चेहऱ्यानं आभाळ बघत होता. मार्तंडरावांनी चोककडे पाहिलं, पुन्हा दत्तारामकडे पाहिलं, आणि मग वर पाहिलं.

"अहो, सारखी बंद काय करताय?" पद्मजावहिनी वरून ओरडल्या. "छान लागतेय की! लावा ना!" त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू मॅट्रिकच्या यादीत त्यांचाच नंबर आला असावा. लग्नानंतर मार्तंडरावांच्या कर्तृत्वाकडे त्यांनी असं पाहिल्याचं मार्तंडरावांना आठवेना.

त्यांनी किल्ली पूर्ण फिरवली.

"नापास," अंबादास जड अंतःकरणानं म्हणाले आणि वहीत लिहिलं.

मग बिवलकर. त्यांच्या गाडीचा सेल खणखणीत फिरत होता, पण इंजिन काही केल्या चालू होईना. तीनदा मारून ते उतरले. "थंडी! दुसरं काय?" असं म्हणून त्यांनी मान हलवली. उतरल्याबरोबर त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात गेला.

उतार बिवलकरांना जाहीर झाला. मात्र अंबादासांच्या ठरावात एक पोटकलम होतं: लाभार्थ्यानं लाभ घेऊन दाखवावा. झालं, नेहमीची मंडळी बाह्या सरसावून पुढे झाली. मार्तंडरावांची गाडी मागे धडधडत होती. ती बंद करायचा धीर न झाल्यामुळे ते तशीच सोडून आले आणि धक्क्याला लागले. कुठं हात लावायचा ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? गाडी वर गेली, बिवलकर आत बसले, गाडी सुटली, पंपाच्या खोलीपाशी क्लच सुटला. गचका बसला. ढेकर नाही, धूर नाही. गाडी तशीच घरंगळत जाऊन बरोब्बर फाटकात आडवी थांबली.

दुधाची सायकल बाहेर अडकली. पद्मजावहिनी नवी साडी नेसून, पर्स घेऊन खाली आल्या आणि धडधडणाऱ्या गाडीत जाऊन बसल्या.

"चला ना! एक चक्कर मारून येऊ. कोण ते फाटकात?"

दत्तारामला आता राहवेना. त्यानं बिवलकरांच्या गाडीचं बॉनेट उघडलं, एक झाकण काढून आत डोकावलं. "सगळा झकास आसा. फकत ह्याच्यातलो रोटर खंय?"

"म्हणजे काय?" अंबादास.

"सुपारीएवढो तुकडो. तो नाय तर इंजनाक ठिणगी नाय. चोर नेव नये म्हणान लोक काढून खिशात ठेवतत."

खिसा हा शब्द ऐकून सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. बिवलकरांचा उजवा हात पुन्हा खिशात गेला होता.

"श्यामराव," मार्तंडराव गोड आवाजात म्हणाले, "खिशातली थंडी काढा हो बाहेर. मला हिला घेऊन जायचंय."

"रात्री काढून ठेवला होता… विसरलोच की…" बिवलकर पुटपुटले. गॅलरीतून बिवलकरबाई आत गेल्या आणि दार लावल्याचा आवाज खालपर्यंत आला.

अंबादासांनी तिथल्या तिथे वही उघडली. एका गाडीस उताराची गरज उरलेली नाही, दुसरीस ती कधी नव्हतीच. सबब उतार कोणासही देण्यात येऊ नये. मार्तंडरावांनी ते उभ्या उभ्या ऐकलं. सहा वर्षांचा उतार तीन ओळींत गेला. त्यांनी एकदा चढाकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि गाडीत जाऊन बसले. फाटक मोकळं झालं होतं. धक्का न देता गाडी बाहेर पडली. हात लावायच्या सवयीनं दोघं-तिघं थोडं अंतर मागून धावले, आणि मग ओशाळून थांबले.

रस्त्याला लागल्यावर पद्मजावहिनी म्हणाल्या, "रागावणार नसाल तर एक सांगते. काल मी दत्तारामला बोलावलं होतं."

"हं."

"सगळ्यांसमोर तुमची फजिती झाली असती हो."

बैठकीतलं उरलेलं अर्धं मार्तंडरावांच्या जिभेवर आलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीवर कोपर ठेवून, सगळ्या मुलुंडला दिसेल अशी बसली होती.

"बरं केलंस," ते म्हणाले.

"पण अंबादासभावजींचं तोंड एवढं का उतरलं होतं?"

"त्यांना थंडी सोसत नाही."

गाडी चेकनाक्याच्या दिशेनं निघाली. इंजिन तापलं की चोक परत आत ढकलायचा असतो, हे मार्तंडरावांना कोणी सांगितलं नव्हतं. खरा चोक त्यांच्या नशिबी आजच आला होता. मागे काळ्याकुट्ट धुराचा भलामोठा ढग उठला होता, आणि त्यात सापडलेले रिक्षावाले जीव खाऊन हॉर्न वाजवत होते. मार्तंडराव हात बाहेर काढून सगळ्यांचे आभार मानत गेले.