बेल वाजवायची नाही

तपासणीला आलेल्या बाईला सगळं दिसावं, फक्त खोट दिसू नये, अशी त्या वृद्धाश्रमाने तयारी केली होती. फरशी इतकी चकचकीत की म्हाताऱ्या माणसाने पाय ठेवायला बिचकावं. पडदे धुतलेले, उशांचे अभ्रे कोरे करकरीत, न्हाणीघरात धरायला दांडे. एरवी ही तपासनीस कुठल्याही आश्रमात शिरली की बसायच्या आत चार चुका काढायची. इथे नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि म्हणूनच ती प्रत्येक वस्तू दोनदा बघत होती.

दोनदा बघायला आणखी एक कारण होतं, ते तिने कचेरीत कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटच्या खोलीत तिची मावशी राहत होती. आई गेल्यावर हिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं ते मावशीने. मावसभाऊ नोकरीसाठी लांब गेला आणि जाताना मावशीला इथे सोडून गेला. फोनवर पूर्वी बोलून बोलून कान किटवणारी ती बाई हल्ली "छान आहे, ठेवते" एवढंच म्हणायची. नात्यातलं माणूस असेल तिथे तपासणी करायची नाही, हा नियम तपासनीसला पाठ होता. तरी हे काम वाट्याला आलं तेव्हा ती मूग गिळून गप्प बसली.

"आमच्याकडे बेल वाजतच नाही, मॅडम," मेट्रन कौतुकाने म्हणाली. "गरजच पडत नाही कोणाला."

प्रत्येक खाटेला बेल होती आणि प्रत्येक बेलचा दिवा लागलेला होता. पण म्हातारी माणसं आणि बेल वाजत नाही? मधल्या सुट्टीत शाळेत आवाज नाही म्हणण्यासारखंच ते! इतर ठिकाणी एकाला पाणी हवं असतं, एकीची चप्पल खाटेखाली गेलेली असते, आणि एखादा तर हाक मारल्यावर कोणी येतं का, एवढंच बघायला बटण दाबतो.

ती खोल्याखोल्यांतून फिरली. तिची एक रीत होती. दार लावून बोलायचं, सगळ्यांना तेच प्रश्न, सगळीकडे तेवढाच वेळ, आणि बाहेर येताना चेहरा कोरा. कोण काय बोललं याचा थांगपत्ता लागता कामा नये, कारण ती निघून जाते आणि बोलणारा तिथेच राहतो. पण आज कोणी बोलतच नव्हतं. एक जुने ड्रायव्हर होते, भिंतीला धरून चालणारे. तेही दाराच्या फटीकडे बघत म्हणाले, "छान आहे. फारच छान."

मावशीही परक्यासारखी म्हणाली, "या मॅडम. सगळं छान आहे." बेल चालते का बघायला हिने हात पुढे केला, तसं मावशीने तिचं मनगट गच्च धरलं.

"नको गं ठमे! बेल नको!"

"का गं?"

"बेल वाजवली की संध्याकाळी गोड औषध पाजतात. मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळा उघडत नाही." मावशीचा आवाज अगदी खाली आला. "समोरच्या खोलीतले मास्तर सारखे पाणी मागायचे. त्यांना दोन पेले पाजले. ते उठलेच नाहीत. बाकीचे टीव्हीपाशी होते, मी एकटीनेच पाहिलं. माझं नाव येऊ देऊ नकोस."

"वेडी आहेस का? माझं कामच आहे ते."

औषधांच्या खोलीत तिने बाटली मागितली. मेट्रनने मुकाट्याने काढून दिली. "झोपेचं आहे. डॉक्टरांच्या सहीनेच येतं. वय झालं की झोप लागत नाही, मॅडम. उद्या तुमच्या आईला ठेवलंत, तर तिलाही आम्ही असंच जपू."

आई हा शब्द ऐकला आणि तपासनीसच्या डोक्यात तिडीक गेली. "मास्तरांनाही झोप लागत नव्हती? की पाणी मागितलं म्हणून दोन पेले?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आजवर एवढे आश्रम पालथे घातले, असं कधी झालं नव्हतं.

मेट्रन चिडली नाही. तिने सावकाश बाटलीचं झाकण लावलं. "मास्तरांच्या समोर एकच आजी असतात," ती म्हणाली. "बिचाऱ्यांना भास होतात हल्ली. आज त्यांना जरा शांत झोप मिळायला हवी."

तपासनीसने कचेरीत साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, आश्रमाला टाळं ठोकायचा हुकूम असा हातोहात निघत नाही, उद्या बघू. खिडकीबाहेर उन्हं उतरायला लागली होती. तिला मनगट धरणारी मावशीची थंडगार बोटं आठवली आणि नोकरीबिकरी सगळं चुलीत गेलं.

"ती माझी मावशी आहे. मी तिला घरी नेतेय."

मेट्रन पहिल्यांदाच मनापासून हसली. "असं होय! आधी नाही बोललात? मग तुमची तपासणी रद्दच म्हणायची. नातेवाइकांनी केलेली धरत नाहीत ना?"

नियम मेट्रनलाही पाठ होता.

मावशीच्या अंगात स्वेटर, हातात छोटी पिशवी. दोघी निघाल्या तशी वऱ्हांड्यातली दारं एकेक करून किलकिली झाली. कोणी कोणाला सांगितलं देव जाणे, पण सगळ्यांना कळलं होतं. ड्रायव्हर भिंतीला धरून बाहेर आले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मीपण तुमचा काका लागतो हो."

पलीकडच्या दारातून एक म्हातारी कुजबुजली, "आणि मी आत्या. आत्याच म्हण गं मला."

तपासनीस जागीच थांबली. तिच्या एका हातात मावशीचा हात होता, दुसऱ्या हातात पिशवी. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना. आता तिच्या शब्दाला इथे दमडीची किंमत उरली नव्हती.

"उद्या येते काका," ती म्हणाली. "कोणाला तरी घेऊन येते."

"उद्या मी झोपलेला असेन," ड्रायव्हर म्हणाले.

मेट्रन मागून आली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते निमूटपणे आत वळले.