प्रोफ रेटिफनी कधीच न आणलेला मेल्कटर्ट

आमच्या वेधशाळेत ज्याची चूक त्याने मेल्कटर्ट आणायचा असतो. म्हणजे दुधाच्या गोड सारणाचा टर्ट, घरी भाजलेला, वर दालचिनी भुरभुरवलेला. अकराच्या चहाला टेबलावर ठेवायचा, सगळ्यांसमोर चूक सांगायची, मग सुरी फिरवायची. हा नियम प्रोफ टिएलमन रेटिफ यांचा. अवरक्त प्रकाशाचा वर्णपट घेणारं यंत्र त्यांनी इथे केप टाउनच्या कार्यशाळेत उभं केलं, त्याच काळात नियमही केला. स्वतः मात्र एकदाही टर्ट आणला नाही, आणि हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. "माझ्या ओव्हनला दालचिनीचा वास माहीत नाही," म्हणायचे.

मी इब्तिसाम. त्या यंत्राचा थंडावा सांभाळते. प्रोफ मला इबी म्हणतात.

निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी एका म्हाताऱ्या ताऱ्याभोवती तापलेला हायड्रोजन सापडल्याचं जाहीर केलं. आमची छाती फुगली. काल दुपारी मी त्यांच्या खोलीत पंपाचं रडगाणं गात होते, तेवढ्यात त्यांची सहायक झोलेका आत आली.

"प्रोफ, मापाच्या ताऱ्याची स्वतःची रेष काढायची राहिली का?"

हवेतली वाफ अवरक्त प्रकाश खाते. किती खाल्ला ते कळावं म्हणून शेजारचा एक साधा तारा मापाला घेतात आणि त्याच्या वर्णपटाने आपल्या ताऱ्याचा भागतात. पण त्या मापाच्या ताऱ्याच्या वर्णपटातही हायड्रोजनची रेष, म्हणजे एक खळगा, असतो. तो आधी बुजवला नाही, तर भागाकारानंतर आपल्या ताऱ्यात नसलेला डोंगर उभा राहतो. भांड्याचं वजन वजा न करता तूप तोलावं, तसलाच प्रकार.

"पोरी, तुझे दुधाचे दात पडायचे होते तेव्हापासून मी हे शिकवतोय," प्रोफ म्हणाले. "आता तू मला भागाकार शिकवणार?"

"नाही, प्रोफ." ती गेली.

प्रोफनी फाइल उघडली. बराच वेळ बघत बसले. त्यांचे कान लाल होत गेले.

"इबी, जाताना दार लाव."

आज सकाळी टेबलावर मेल्कटर्ट होता आणि शेजारी झोलेका उभी होती.

"तो हायड्रोजन खरा नाही," ती म्हणाली. "मापाच्या ताऱ्याची रेष राहून गेली. भागाकार मी केला होता."

"अगं बाई, ही तर पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक," कार्यशाळेतला फैझल म्हणाला. "दालचिनी तरी मोजून घातलीस ना?"

सगळे हसले. झोलेकाही हसली. तिची नोकरी कायम करायची की नाही, हे पुढच्या महिन्यात ठरायचं होतं, आणि ते ठरवणारे संचालक तिथेच कप घेऊन उभे होते.

प्रोफ दारात आले होते. हातात कापडाने झाकलेला डबा. थट्टा चालू होती तोवर ते तिथेच थांबले, कापड नीट करत. मला त्यांची चीड आली. मग त्यांनी डबा टेबलावर ठेवला. टर्टची कड करपली होती.

"भागाकार माझा," ते म्हणाले. "हिने मला काल सांगितलं आणि मी हिला हाकलून दिलं."



"तू का आणलास?" त्यांनी झोलेकाला विचारलं.

"तुम्ही आणणार नाही असं वाटलं, प्रोफ."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. इथे असंच करतात, हे दिसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. यंत्राच्या खिडकीची काच मला आठवली. थंड यंत्र घाईने गरम करून त्यांनी ती तडकवली होती, आणि चूक माझी म्हणत टर्ट मी भाजला होता. तेव्हा ते दोन तुकडे खाऊन गेले होते.

"इबी, ती काच?"

"हो, प्रोफ."

"आणि आरशावरचा ओरखडा?"

फैझल कपात बघत होता. "ओरखडा तुमचा, टर्ट माझा," तो म्हणाला.

प्रोफनी सुरी उचलली आणि परत ठेवली. मलाही मान वर करवेना. त्यांच्या तोऱ्याला आम्हीच इतकी वर्षं दूध-साखर पुरवली होती.

"अजून कोणी?" त्यांनी हळू विचारलं.

एकेक करून हात वर होत गेले. संचालकांनी कप खाली ठेवला आणि त्यांचाही हात वर गेला.