रकाना सात

आधीच सांगून टाकतो: ओरेस्टकाकाचा चौथा स्कॅनही स्वच्छ आला. मेंदूत गाठीचा मागमूस नाही. आता वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. पुढे चला.

आमचं गाव कॅनडातल्या सस्कॅचेवानमधलं. म्हणजे सात महिने बर्फावरची हॉकी आणि पाच महिने त्यावर वाद. गोलरक्षकाने एकही गोल होऊ दिला नसेल, तर शेवटची शिट्टी वाजेपर्यंत ते तोंडातून काढायचं नाही, हा इथला नियम. त्याच्या शेजारी बसायचंही नाही. अठ्ठ्याऐंशी साली आर्लीन "वा, अजून एकही नाही!" म्हणाली आणि सहा मिनिटांत पाच गोल झाले. आर्लीन आता गावच्या दवाखान्यात नर्स आहे. लोक तिच्याकडून इंजेक्शन घेतात, पण माफ केलेलं नाही.

पहिला स्कॅन स्वच्छ आला त्या दिवसापासून काकाशी कोणी बोलेना. पेरोगीचे, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचे, डबे दाराशी ठेवून लोक पळायचे. याहून मोठं प्रेम गावाला येत नाही.

काकाला मात्र एकच हवं होतं: यंत्र. एकतीस वर्षं रिंकवरचा, म्हणजे हॉकीच्या मैदानावरचा, बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र त्याने चालवलं. गाठीमुळे फिट आली, गाडीचा परवाना गेला, आणि परवान्याशिवाय रिंकचं मंडळ यंत्राला हात लावू देत नाही. हल्ली ते मी चालवतो. माझ्या कामाला गावात नांगरणी म्हणतात.

काका बाकावर बसून बघायचा. रेडिएशनपासून तो वाक्याच्या मधोमध झोपतो.

"डॅनी, तो कोपरा तू..." म्हणाला आणि घोरायला लागला. वीस मिनिटांनी उठला. "...नासवलास. गाठीने डोकं खाल्लं नाही इतकं त्या कोपऱ्याने खाल्लंय."

परवान्याच्या अर्जात रकाना सात होता: गाठीची सद्यस्थिती. तो भरायचं काम आर्लीनचं, म्हणून आम्ही तिच्या दवाखान्यात गेलो.

"आर्लीन, एक शब्द लिही गं," काका म्हणाला.

"दादा, पाच गोल विसरलात?"

"लिहून तर बघ," लेसियाकाकू म्हणाली. "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू देणार नाही."

आर्लीनने लिहिलं: हवामान बरं आहे. परवाना कार्यालयाचं उत्तर आलं की हवामानाची नोंद त्यांना लागत नाही. मग तिने गोलच्या रिकाम्या जाळीचं चित्र काढून पाठवलं. तेही परत आलं, आभारांसह.

"मग शिट्टी वाजणार कधी?" काकाने विचारलं. "तेव्हा तर बोलाल?"

आर्लीनने तपासण्यांचं वेळापत्रक पुढे केलं. आधी तीन-तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षातून एकदा.

"आणि शेवटची?"

"शेवटची नसते, दादा."

काकूने त्याचा हात धरला, मग सगळे बघताहेत म्हणून सोडला.

"म्हणजे मी जन्मभर..." काका म्हणाला आणि झोपला. काकूने तेवढ्यात दवाखान्यातले आर्लीनचे चहाचे तीन कप विसळले.

"...खेळतोच आहे," तो उठून म्हणाला. "बरं. डॅनी, कागद घे."

त्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं.

*प्रति, परवाना अधिकारी.*

*विषय: रकाना सात कोरा ठेवणेबाबत.*

*महोदय, अर्जदार ओरेस्ट ह्नात्युक यांस वाहन परवाना देण्यात यावा. तो का दिला, हे आपल्या कार्यालयात कोणी कोणास सांगू नये. परवाना देताना अधिकाऱ्यांनी अर्जदाराच्या शेजारी बसू नये. रिंकच्या ईशान्य कोपऱ्याची अवस्था पाहता हे काम तातडीचे समजावे. चौथ्या स्कॅनचा अहवाल सोबत बंद पाकिटात जोडला आहे. तो पाकीट न फोडता वाचावा, ही नम्र विनंती.*